भावोजींचे एकतीस टक्के

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. आईला तेवढं पुरलं. कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पुढे मी स्वतः पाहिलं तेव्हा कळलं की माणूस अक्षरशः कॉम्प्युटरमध्येच बसतो. बिनखिडकीची खोली, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची घरघरणारी कपाटं, मधल्या बोळात एक फिरती खुर्ची आणि खुर्चीत भावोजी. अंगात बारा महिने स्वेटर, कारण कपाटांना गारवा लागतो. खोलीची किल्ली कमरेच्या पट्ट्याला. ती किल्ली लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसते.

आमची कंपनी रक्ता-लघवीचे रिपोर्ट पोचवते. तपासत नाही, पोचवते. तपासणी प्रयोगशाळा करतात; त्यांचे आकडे आमच्याकडे येतात, आमची मशिन्स त्यातून नीटनेटका रिपोर्ट बनवतात आणि तो डॉक्टरांच्या स्क्रीनवर जाऊन पडतो. काम पोस्टमनचंच, फक्त हा पोस्टमन उशिरा आला तर कुणीतरी ऑपरेशनच्या खोलीबाहेर ताटकळत पडतं. मी तिथे फोनवर बसते. रिपोर्ट मिळाला नाही की लोक ज्या बाईवर ओरडतात, ती बाई मी. ही नोकरी मला भावोजींनी लावून दिली आणि मी ते विसरू नये याची काळजी ते गेली नऊ वर्षं घेत आले आहेत. चार पाहुणे जमले की “हिला मीच चिकटवली” हे वाक्य चहाच्या आधी येतं.

मला ते “धाकटे” म्हणतात, ताईची धाकटी बहीण म्हणून. माझं वय एक्केचाळीस आहे.

भावोजी वाईट माणूस नाहीत. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जागा मिळेल असं वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने ती कपाटं काढून टाकली आणि सगळं काम क्लाउडवर नेलं. त्या रविवारी मी ताईकडे जेवायला होते. भावोजींनी आम्हाला क्लाउड समजावून सांगितला. कुठेतरी लांब, कुणाच्यातरी इमारतीत प्रचंड कॉम्प्युटर असतात. त्यांचे आतल्या आत तुकडे पाडतात आणि एकेक तुकडा एकेकाला भाड्याने देतात. तुकड्याला वाटतं, आपण स्वतंत्र मशिन आहोत. त्याला व्हर्च्युअल मशिन म्हणायचं. आमच्या वाट्याला असे नऊ तुकडे आले होते.

“म्हणजे मशिनही नाही आणि खोलीही नाही,” ताई म्हणाली. “मग तुम्ही बसणार कुठे?”

भावोजींनी वाटी पुढे केली आणि आमटी मागितली.

महिनाभर ते रिकाम्या खोलीची किल्ली कमरेला लावून ऑफिसभर हिंडले. कुणाच्या टेबलापाशी उभे राहायचे, जुन्या कपाटांची आठवण काढायचे, मग पुढच्या टेबलाकडे. शेवटी आमच्या शाखेच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, भावोजींना एक काम दिलं. काम असं: त्या नऊ मशिन्सवर लक्ष ठेवायचं.

लक्ष कसं ठेवायचं, तर प्रत्येक मशिनमध्ये एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. दर मिनिटाला तो बघतो की प्रोसेसर, म्हणजे मशिनचं डोकं, किती टक्के कामात आहे, आणि तो आकडा डेटाबेसच्या एका टेबलात एक ओळ म्हणून टाकतो. मशिनचा नंबर, वेळ, टक्के. मिनिटाला एक ओळ, दिवसाला चौदाशे चाळीस, अशा नऊ मशिन्सच्या. हा ढीग साठत जातो. त्यातून काही जाणून घ्यायचं असेल तर डेटाबेसच्या भाषेत प्रश्न लिहायचा. त्याला क्वेरी म्हणतात. जे विचाराल त्याचं उत्तर मिळतं. जे विचारणार नाही त्याचं मिळत नाही.

भावोजींना तीन आठवड्यांच्या शिकवणीला पाठवलं. तिथून ते एक क्वेरी शिकून आले. एकच. गेल्या चोवीस तासांत सगळ्या मशिन्सची मिळून सरासरी किती? उत्तर आलं बावीस टक्के. भावोजींनी ते छापलं, खाली सही केली आणि मोठ्या मॅडमना नेऊन दिलं. मॅडमना कागद फार आवडला. एक आकडा, दोन अंकी, खाली सही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बावीस. माणसाला पुन्हा खुर्ची मिळाली.

चोवीस तासांची सरासरी म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. रात्रभर मशिन्स झोपा काढतात, सकाळी त्यांना घाम फुटतो, आणि भावोजी झोप आणि घाम एकत्र घुसळून म्हणतात, तब्येत उत्तम. पण तेव्हा हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की ज्या माणसाला घरात गॅसचं सिलिंडर संपल्याचं स्वयंपाक थांबल्यावर कळतं, तो आता कंपनीत लक्ष ठेवायच्या पगारावर आहे.

वर्षभराने भावोजींना युक्ती सुचली. बावीस टक्के म्हणजे मशिन्स बहुतेक वेळ रिकामीच बसतात. मग नऊ हवीत कशाला? तीन काढून टाकली तर सरासरी तेहतीसवर जाईल, म्हणजे तरीही दोन तृतीयांश मोकळीच. त्यांनी हा हिशेब आम्हाला दोन रविवार ऐकवला आणि तिसऱ्या सोमवारी मॅडमना. नऊची सहा झाली. आणि नवल म्हणजे सरासरी तेहतीस न येता एकतीस आली. अंदाजापेक्षाही कमी. तेहतीस यायला हवी होती, मग दोन टक्के गेले कुठे, हा प्रश्न एखाद्या साध्या माणसाला पडला असता. भावोजींना तो पडला नाही. आपल्या हाताला यश आहे, असं त्यांना वाटलं.

मुख्य कार्यालयाने मॅडमना काचेचं एक स्मृतिचिन्ह दिलं: कमी साधनांत जास्त काम. भावोजींना प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं. त्या घरी जेवायला बसलं की आधी ताटाखालून त्यांचं कौतुक वाचावं लागायचं.

आणि आमच्या सकाळी बिघडायला लागल्या.

सकाळी साडेआठ ते पावणेदहा ही आमची गर्दीची वेळ. रात्रीच्या नमुन्यांचे आकडे प्रयोगशाळांकडून एकदम येतात आणि त्याच वेळी डॉक्टर वॉर्डात फेरी मारायला निघतात. सगळ्यांना सगळं त्याच सव्वा तासात हवं असतं. पूर्वी ते मिळायचं. आता रिपोर्ट अडकायला लागले. पाच मिनिटं, वीस मिनिटं, कधी तास. माझा फोन साडेआठला जो वाजायला लागायचा तो दहाला थंड व्हायचा. भावोजींची ड्युटी दहाला सुरू. ते येणार, स्वेटर नीट करणार, आपली क्वेरी चालवणार, आणि माझ्या टेबलाजवळून जाताना म्हणणार, “धाकटे, सगळं सुरळीत आहे. एकतीस.”

“सकाळी नव्वद फोन आले, भावोजी.”

“लोकांना सवय असते फोन करायची.”

“रिपोर्ट अडकत आहेत.”

“त्यांच्याकडचं इंटरनेट. आकडा बघ ना तू.”

मी आकडा बघायचे. आकडा एकतीसच असायचा.

तक्रारी वाढल्या तेव्हा त्यांनी फोनवरच्या आम्हा चौघींसाठी एक वाक्य तयार केलं. ते प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येकीच्या फोनशेजारी चिकटवलं. “सर्व यंत्रणा सुरळीत सुरू आहे. कृपया आपल्या इंटरनेट जोडणीची तपासणी करून घ्यावी.” आम्ही ते नीट वाचतो की नाही हे बघायला ते अधूनमधून स्वतःच बाहेरून फोन करायचे, आवाज जाड करून. आवाज जाड केला तरी भावोजी ते भावोजीच. दोन शब्दांत ओळखू यायचे.

मी ते वाक्य दिवसाला साठ-सत्तर वेळा वाचत होते. एकदा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ते शांतपणे पूर्ण ऐकलं आणि विचारलं, “बाई, तुमचा तरी यावर विश्वास आहे का?”

“मला वाचायला सांगितलंय,” मी म्हटलं.

“तेच वाटलं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

अगदीच अडलेलं असेल तेव्हा मी एक करायचे. थेट प्रयोगशाळेला फोन लावायचा, तिथल्या माणसाकडून आकडे वाचून घ्यायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. हे माझं काम नव्हतं आणि कुणी मला करायला सांगितलंही नव्हतं.

बाकी मी काय केलं, तर टोमणे मारले. रविवारच्या जेवणात, ताईसमोर. “भावोजी, आज जेवण सरासरी किती टक्के झालंय?” ताई हसायची, भावोजी कान लाल करून जेवायचे, आणि मला वाटायचं, मी त्यांना चांगलंच सुनावलं. चौदा महिने मी एवढंच करत राहिले.

मग तो गुरुवार आला.

त्या दिवशी पहाटेपासून ताईच्या पोटात दुखत होतं. साडेसहाला भावोजी तिला दवाखान्यात घेऊन गेले. सर्जन म्हणाले अपेंडिक्स आहे, आजच काढू, रक्ताचा रिपोर्ट आला की साडेनऊला घेऊ. पावणेआठला रक्त घेतलं. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे कामाच्या वेळी मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात. भावोजींनी माझ्या मोबाइलवर तीन फोन केले आणि ते तीनही लॉकरमध्ये वाजत राहिले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला.

“रिपोर्ट विभाग,” मी म्हटलं.

“रिपोर्ट आलेला नाही,” पलीकडून आवाज आला. “दीड तास होत आला रक्त देऊन.”

आवाज मी लगेच ओळखला. मला वाटलं, स्वारी परीक्षा घ्यायला निघाली आहे. सकाळपासून चाळीस जणांच्या शिव्या खाऊन माझं डोकं फिरलेलं होतं. मी ते प्लास्टिकमधलं वाक्य समोर ओढलं आणि सावकाश, एकेक शब्द चावून, त्यांना ऐकवलं. सर्व यंत्रणा सुरळीत सुरू आहे. कृपया आपल्या इंटरनेट जोडणीची तपासणी करून घ्यावी. शेवटी “धन्यवाद”सुद्धा म्हटलं.

पलीकडे मागे कुठेतरी चाकाची खुर्ची ढकलल्याचा आवाज येत होता.

“अगं, ताईचा आहे,” भावोजी म्हणाले.

त्यानंतर मी जे केलं ते एरवीही करत होते. प्रयोगशाळेला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडून आठ चाळीसलाच सुटलाय, तुमच्याकडे अडकलाय. मी म्हटलं, माहीत आहे, आकडे वाचा. त्याने वाचले, मी लिहून घेतले. दवाखान्याच्या काउंटरवरची बाई म्हणाली, फोनवरचे आकडे आम्ही धरत नाही, स्क्रीनवर आलं पाहिजे. मी म्हटलं, सर्जनना बोलवा. ती म्हणाली, ते तयारीत आहेत. शेवटी भावोजी स्वतः आत गेले. कसे गेले, काय बोलले, मला माहीत नाही. पण चार मिनिटांनी सर्जन फोनवर होते. मी त्यांना प्रयोगशाळेच्या माणसाशी जोडून दिलं. त्यांनी प्रत्येक आकडा दोनदा म्हणून घेतला, कागदावर उतरवला आणि ताईला नऊ पस्तीसला आत घेतलं.

आमचा छापील, नीटनेटका रिपोर्ट त्यांच्या स्क्रीनवर दहा वाजून दहा मिनिटांनी आला. तोपर्यंत अपेंडिक्स बाहेर आलं होतं.

संध्याकाळी मी वॉर्डात गेले. ताई शुद्धीवर होती, ओठ कोरडे पडले होते. भावोजी तिच्या पायाशी स्टुलावर बसले होते, तोच सकाळचा शर्ट, बटणं एक घर चुकवून लावलेली. मी आल्यावर त्यांनी मान वर केली नाही. कितीही तोंडाळ असले तरी त्या वेळी मला बोलायला तोंड नव्हतं. सकाळी वाक्य वाचणारी मीच होते आणि वाचताना मला मजा आली होती.

“काय हो,” ताई त्यांना म्हणाली, “तुमच्या मशिनांना बरं नाही का?”

भावोजी म्हणाले, “तू बोलू नकोस. टाके आहेत.”

ताईच्या बोटाला एक चिमटा लावलेला होता. त्याची वायर उशाशी असलेल्या छोट्या मशिनला जात होती आणि त्यावर तिच्या नाडीचा आकडा दिसत होता. ताईने हात हलवला तसा तो चिमटा निसटला. आकड्याच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा आल्या आणि मशिन टीटी करून बोंबलायला लागलं. नर्स लगबगीने आली, चिमटा पुन्हा बसवला, आकडा परत आला, आवाज थांबला.

“हे का वाजलं?” भावोजींनी विचारलं.

“आकडा मिळेना म्हणून,” नर्स म्हणाली.

“म्हणजे आकडा वाईट असला तर वाजतं, आणि नसला तरी वाजतं?”

नर्सने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस रुग्णाचा नवरा आहे की आणखी एक रुग्ण, हे ती ठरवत होती. “नसला तर जास्तच काळजी ना,” ती म्हणाली. “माणूस गेला असेल तर आकडा कसा येईल?”

ती गेल्यावर भावोजी बराच वेळ त्या मशिनकडे बघत बसले. मग उठले, मला म्हणाले, “उद्या आठला येतो,” आणि पाण्याची बाटली भरायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आठला आले. आमच्या कंपनीत आठ वाजता हा माणूस गेल्या तीन वर्षांत कुणी पाहिला नव्हता. पहारेकऱ्याने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. माझ्या शेजारची खुर्ची ओढून ते बसले आणि कॉम्प्युटर लावला. त्यांनी नेहमीची क्वेरी उघडली, तिच्यातली सरासरी पुसली, चोवीस तास पुसले, सहा मशिन्स पुसली. चार नंबरचं एकच मशिन घेतलं, गुरुवार घेतला, साडेआठ ते पावणेदहा. मिनिटागणिक काय होतं ते दाखव, एवढंच विचारलं.

आकडे खाली खाली उलगडत गेले. एक्क्याण्णव. शहाण्णव. शंभर. शंभर. शंभर.

“बघा,” मी म्हटलं. मला राहवलं नाही.

“थांब,” ते म्हणाले. त्यांचं बोट आकड्यांवर नव्हतं, वेळेच्या रकान्यावर होतं. “आठ एकेचाळीस. त्याच्या खाली आठ सत्तेचाळीस. मधली पाच मिनिटं कुठे आहेत?”

ती नव्हतीच. खाली आणखी होत्या अशा फटी, काही दहा-दहा मिनिटांच्या. सव्वा तासाच्या पंचाहत्तर ओळी असायला हव्या होत्या. भावोजींनी मोजायची क्वेरी लिहिली. तेवीस होत्या.

त्यांनी मला समजावलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा शिकवणीचा नव्हता. मशिनचं डोकं शंभर टक्के गुंतलं की त्या छोट्या प्रोग्रामलाही काम करायला वाव उरत नाही. आकडा पाठवायचा राहून जातो. आणि जी ओळ टेबलात आलीच नाही, ती सरासरीत धरली जात नाही. म्हणजे मशिन जितकं जास्त घुसमटेल, तितके त्याचे वाईट आकडे गायब होतील आणि सरासरी तितकी गोंडस दिसेल. तेहतीस व्हायला हवे होते ते एकतीस झाले, ते यामुळे. जे दोन टक्के भावोजींनी आपल्या हुशारीच्या खाती धरले होते, ते दवाखान्यांच्या दारात ताटकळणारे लोक होते.

मग त्यांनी तीच मोजणी मागे मागे नेली. बुधवार, मंगळवार, गेला महिना, त्याआधीचा. प्रत्येक कामाच्या सकाळी भोकं. तीन मशिन्स काढून टाकली त्या आठवड्यापर्यंत. त्याच्या आधी एकही नाही.

हे सगळं विचारायला त्यांना वीस मिनिटं लागली. चौदा महिने त्यांच्याकडे दिवसाचे आठ तास होते.

त्यांनी माझ्या टेबलावरचं ते प्लास्टिक ओढून काढलं. चिकटपट्टीसोबत टेबलाचा थोडा रंगही निघाला. मग साडेआठ वाजले आणि फोन सुरू झाले.

सोमवारी मोठ्या मॅडमच्या खोलीत बैठक झाली. मला फोनांच्या नोंदी घेऊन बोलावलं होतं. मॅडमच्या मागे कपाटावर ते काचेचं स्मृतिचिन्ह होतं आणि भावोजींना बरोबर त्याच्या समोरची खुर्ची मिळाली. त्यांनी सगळं मांडलं. मी त्यांना ओळखते; कुठे ‘आम्ही’ घालायचा आणि कुठे ‘यंत्रणा’ घालायची हे त्यांना झोपेतही जमतं. मी वाटच बघत होते.

“हे आधी का दिसलं नाही?” मॅडमनी विचारलं.

“मी विचारलं नाही म्हणून,” भावोजी म्हणाले.

“किती दिवस चाललंय?”

“चौदा महिने. मशिन्स कमी करा असं मी सांगितलं, त्या दिवसापासून.”

माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत आणि त्यांच्या अठरा वर्षांच्या संसारात त्यांना एवढं सरळ बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मॅडमना मात्र ते बोलणं नीट पचलं नाही. त्या कागद उलटसुलट करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “पण दिवसाची सरासरी एकतीसच आहे ना?”

“आहे,” भावोजी म्हणाले. “पण तिला काही अर्थ नाही.”

“मग पहिल्या पानावर ती राहू दे. हे बाकीचं मागे जोडा.”

ज्या माणसाने तो आकडा रोज सही करून नेला त्याच्यावर मी हसले, पण तो आकडा ज्यांनी रोज आनंदाने घेतला त्या बाईला कुणी काही म्हटलं नाही. भावोजींनी चुकीचं उत्तर दिलं होतं. मॅडमना बरोबर उत्तर नको होतं. ज्या कार्यालयाने स्मृतिचिन्ह दिलं त्याच कार्यालयाला आता तीन मशिन्स परत मागायची, हे पत्र लिहायला त्यांना तीन आठवडे लागले. मशिन चालू करायला, भावोजींच्या म्हणण्यानुसार, सहा मिनिटं लागतात. भावोजींनी मसुद्यात ‘माझ्या चुकीच्या मोजणीमुळे’ असं लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडून ‘तांत्रिक कारणास्तव’ केलं. चूक भावोजींच्या नावावर लागली असती तर मॅडमना मिळालेलं कौतुकही त्याच चुकीचं होतं, हे उघडं पडलं असतं.

त्या तीन आठवड्यांत भावोजी रोज आठला येऊन फोनवर बसले. कुणी सांगितलं नव्हतं. आणि फोनवर ते इतके वाईट होते की मला दोन माणसांचं काम पडलं. एका नर्सला त्यांनी सात मिनिटं गैरहजर ओळींचा सिद्धान्त ऐकवला. ती बिचारी लघवीचा रिपोर्ट मागत होती. एका डॉक्टरांना म्हणाले, “तुमचं म्हणणं अगदी खरं आहे,” आणि मग त्यांना पुढे काही सुचेना. प्रयोगशाळेचे नंबर त्यांना सापडायचे नाहीत. फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेताना ते हटकून कट करायचे.

मशिन्स परत आली. सकाळचे रिपोर्ट पुन्हा वेळेवर जायला लागले. लक्ष ठेवायच्या कामावर मॅडमनी बाहेरून एक नवीन माणूस आणला. त्याच्याकडे रंगीत तक्ते आहेत, गोल, उभे, आडवे, आणि ते हलतात. पहिल्या पानावर अजून दिवसाची सरासरीच आहे, फक्त आता ती हिरव्या वर्तुळात आहे. भावोजींनी जाताना त्याला एक कागद लिहून दिला: ओळी मोजत जा. त्याने तो घेतला आणि “नक्की, सर” म्हटलं. मी त्याला रोज बघते. मोजत असेल असं वाटत नाही. म्हणून दर सोमवारी ती मोजणीची क्वेरी मीच चालवते. भावोजींनी शिकवली. शिकवताना तीन दिवस डोकं खाल्लं.

भावोजींना मॅडमनी कायमचं फोनवर टाकलं. ही शिक्षा होती, पण तसं कुणी म्हणालं नाही. कागदावर ‘ग्राहकसंपर्क बळकटीकरण’ आहे. ताईने विचारलं, “वाईट वाटतं का हो तुम्हाला?” तर म्हणाले, “खिडकी आहे.” ताई आता ठणठणीत आहे आणि त्यांची खेचायला मला आवर्जून बोलावते. रविवारी मी जाते. टोमणे थांबलेले नाहीत, पण सरासरीवरचे मी आता मारत नाही. मारायला मलाच लाज वाटते.

गेल्या आठवड्यात एका प्रयोगशाळेच्या बाजूनेच काहीतरी बिघडलं आणि एका डॉक्टरीणबाईंचा फोन भावोजींकडे गेला. मी कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, “हो, अडकलाय. का अडकलाय ते मला माहीत नाही. पेशंट घाईचा आहे का?” मग थांबले. “फोन ठेवू नका. मी तिथल्या माणसाला जोडून देतो, तो आकडे वाचेल.” आणि या वेळी फोन कट झाला नाही.

झालं. रिसीव्हर ठेवल्याबरोबर स्वारी खुर्चीसकट माझ्याकडे वळली. स्वेटर खाली ओढला. “धाकटे,” म्हणाले, “लोकांशी कसं बोलायचं, ते एकदा तुला नीट सांगायला हवं. पहिली गोष्ट म्हणजे, पेशंट घाईचा आहे का, हे आधी विचारायचं.”

नऊ वर्षं मी तेच विचारत आले आहे. त्यांची दुसरी गोष्ट सुरू व्हायच्या आत माझा फोन वाजला आणि मी तो उचलला.